पुण्यात खोली शोधताना
(बारावीनंतर पुण्याला निघालेल्या विद्यार्थ्यांसमोर मुरुड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण दोन वर्षं लातूरला खोली करून राहिलेत. खोली, मेस, डबा हे तुम्हाला मी काय शिकवणार? पण लातूरला घरमालकाच्या ओळखीचं कुणीतरी मुरुडचं निघतंच. ‘अमक्याचा पोरगा’ म्हटलं की काम होतं. पुण्यात तुमच्याबद्दलची पहिली माहिती म्हणजे तुमचं नाव.

मी २००९ साली इंजिनिअरिंगला पुण्यात गेलो. कॉलेजच्या वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून वर्गातल्या तिघांबरोबर फ्लॅट शोधायला लागलो. भाडं, डिपॉझिट, कधी येता, सगळं फोनवर ठरायचं. मग नावं विचारायचे. माझं पहिलं नाव दोन्हीकडे चालतं, त्यामुळे तिथपर्यंत अडचण नसायची. आडनाव आलं की, “घरात विचारून सांगतो.” पाच ठिकाणी असं झालं. सहाव्या ठिकाणी मित्र म्हणाले, करारात आम्ही तिघांची नावं टाकतो, तू फक्त पहिलं नाव सांग. मी हो म्हणालो.

खोली मिळाली. पण ईदला नवा कुर्ता बॅगेत घालून निघायचो आणि कॅम्पात एका मित्राच्या खोलीवर बदलायचो. दुसऱ्या सत्रात अब्बा भेटायला आले. रात्रभर एसटीत बसून, डोक्यावर टोपी, हातात अम्मीने दिलेला डबा. मी त्यांना स्वारगेटलाच गाठलं, चहा पाजला आणि सांगितलं की खोलीवर पाहुणे आहेत, जागा नाही. त्यांनी काही विचारलं नाही. “डबा रिकामा करून दे, तुझी अम्मी विचारेल,” एवढंच म्हणाले. मी तिथेच बाकावर बसून चपात्या पिशवीत काढल्या. दुपारच्या गाडीने ते परत गेले. त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं, हे त्यांनी मला नोकरी लागल्यावर सांगितलं.

म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं हे आहे, की पूर्ण नाव पहिल्याच फोनवर सांगा. नकार यायचा असेल तर तो दोन मिनिटांत येऊ द्या, बसचे पैसे तरी वाचतील. आणि होकारही येतात. माझ्या शेवटच्या वर्षाची खोली मला एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दिली. त्यांनी फक्त विचारलं, रात्री गाणी लावणार का?

पण त्याआधी दोन वर्षं मी कोंढव्यात होतो. तिथे नावाचा प्रश्न नव्हता, रमजानमध्ये सहरीची सोय होती, आजारी पडलो तर शेजारची खाला खिचडी द्यायची. मात्र कॉलेजला जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. रात्री प्रोजेक्टला पोरं जमायची तिथे मी नसायचो. कंपनीच्या मुलाखतीची तयारी तिथेच व्हायची, ती मला एकट्याने करावी लागली. कोंढव्यात राहू नका असं मी म्हणत नाही, मी आज तिथेच राहतो. पण पर्याय म्हणून राहणं वेगळं आणि दुसरीकडे दार उघडत नाही म्हणून राहणं वेगळं.

आणखी एक कबूल करतो. तिथल्याच एका घरमालकाने माझ्या दलित मित्राला खोली नाकारली. एकट्या राहणाऱ्या मुलींना तर आपल्याही वस्तीत सहज जागा मिळत नाही. मित्राला खोली नाकारली तेव्हा मी गप्प बसलो होतो.

कायद्याचं विचाराल, तर खासगी घरमालकाने धर्मावरून नाकारलं म्हणून लगेच दाद मिळेल अशी आशा धरू नका. गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणं सुप्रीम कोर्टानेही २००५ साली मान्य केलं आहे. पण खोली मिळाल्यावर मात्र कायदा तुमच्या बाजूने बराच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, ११ महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी मालकाची आहे. लेखी करार नसेल आणि अटींवर वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणून राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात असू द्या. मी नाव टाकलं नाही, त्यामुळे ती खोली सोडताना डिपॉझिटमधला माझा वाटा मागायला माझ्याकडे कागदच नव्हता. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर टाका. पहिल्या दिवशी भिंतींचे आणि वीज मीटरचे फोटो काढून ठेवा. कॉट बेसिसवर राहणार असाल तर किती दिवस आधी सांगायचं, ते लिहून घ्या.

आणि खोलीच्या आधी वसतिगृहांचे अर्ज भरा. आपली पोरं हे उशिरा करतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी बोर्डिंगं काढली, त्यात १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगही होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात त्यांच्याच नावाचं बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकाच स्वयंपाकाचं जेवायची. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातल्या गरजू मुलामुलींची राहण्याजेवणाची सोय करते. तिथे मुलाखत होते, घरची परिस्थिती विचारतात. खरी सांगा, लाजू नका. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलात आणि वडील अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असतील, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज महाडीबीटीवर भरा. उत्पन्नाचा दाखला पुण्यात बसून मागवत राहण्यापेक्षा आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा.

पुण्यात नोकरी करणारे आपल्या भागातले आम्ही काही जण आहोत. करार वाचून द्यायला, मालकाशी बोलायला, पहिले चार दिवस ठेवून घ्यायला आम्ही तयार आहोत. मुलींसाठी आमच्या घरच्या बायका बोलतील. आज मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे. ज्यांचे प्रवेशाचे कागद आलेत त्यांनी घेऊन या. आईवडिलांनाही आणा, त्यांचे प्रश्न वेगळे असतात.