गल्ल्यावर कोण बसणार?

(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यवाहांनी दिलेला विषय भारदस्त आहे. ‘विकसनशील देशांतील उद्योग आणि संस्था यांचे व्यवस्थापन.’ निमंत्रण वाचून घरी सगळे हसले. आम्ही कुठल्या कॉलेजात शिकवत नाही. तीन पिढ्या सुलतान बाजारात मॅचिंग सेंटर चालवतो, आणि या मंडळाच्या कपाटाची किल्ली नऊ वर्षे खिशात वागवली, एवढीच आमची पात्रता. उभा एकच आहे, पण म्हणणे आम्हा दोघा भावांचे आहे आणि घरातल्या बायकांनी ते तपासून दिले आहे. म्हणून ‘आम्ही’ म्हणतो.

मॅचिंगचा धंदा दिसायला सोपा. बाई साडी घेऊन येते, पदर काउंटरवर पसरते आणि म्हणते, याला ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, परकर द्या. आता नुसत्या आमसुली रंगाच्या पाच-सहा छटा असतात. ट्यूबलाइटखाली एक जुळते, बाहेर उन्हात नेली की दुसरीच जुळते. दुकानात शेकडो थाने. कुठले थान कुठल्या खणात, कुठले माळ्यावर, हे सगळे आमच्या काकांच्या डोक्यात. ते गादीवरून न उठता सांगायचे, ‘उजवीकडचा तिसरा खण, खालून दुसरे.’ आणि तेच निघायचे. गिऱ्हाइके थक्क व्हायची, आम्हाला अभिमान वाटायचा. उधारीही डोक्यातच. कीर्द-खतावणी होती, दिवाळीला वहीपूजन व्हायचे, पण वहीत विक्रीकराला दाखवण्यापुरते. खरे दुकान काकांच्या डोक्यात होते.

१९९४ च्या श्रावणात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. महालक्ष्म्या तोंडावर, दुकानात उभे राहायला जागा नाही, आणि आम्ही दोघे भाऊ खणाखणांत हात घालून शोधतोय. समोर बायका ताटकळून शेजारच्या दुकानात चालल्या. मोरपंखी संपला असे समजून आम्ही नवी थाने मागवली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर त्याच छटेची चार थाने निघाली, दोन ओल लागून खराब झालेली. उधारी किती बुडाली ते कळायलाही मार्ग नव्हता. काका खाटेवरून बघायचे. त्यांना सगळे ठाऊक होते आणि सांगता येत नव्हते. ते आठवले की अजून पोटात कालवते.

आता दुकान सोडून थोडे लांब, पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला जाऊ. तिथे आणि शेजारी गुजरातेत उंबरगावला कापडाचे कारखाने आहेत. २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी तिथे एक प्रयोग सुरू केला. सतरा कंपन्या, अठ्ठावीस कारखाने. आमच्यासारखी गल्लीतली दुकाने नव्हेत, शेकडो कामगारांचे कारखाने. तरी काय सापडले? सूत विनालेबल पडलेले, साठ्याची नोंद नाही, यंत्र का बंद पडले याची नोंद नाही. आमचा माळाच, फक्त मोठा! काही कारखान्यांना सल्लागारांनी काही महिने फुकट मदत केली. साठ्याची यादी, बिघाडाची नोंद, रोज सकाळची छोटी बैठक, कोणते काम कोणाचे हे लिहून ठेवणे. यात अवघड काही नाही. पहिल्याच वर्षी त्या कारखान्यांची उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त झोंबली. कंपनी किती मोठी होणार हे कशावर ठरत होते? व्यवस्थापनाच्या दर्जापेक्षाही मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर. तीन भाऊ असतील तर तीन कारखाने. चौथा काढायचा तर माणूस हवा, आणि बाहेरच्यावर विश्वास नाही. चोरी झाली तर कोर्टात निकाल कधी लागणार? म्हणून गल्ल्यावर घरचाच. आता विचार करा, सुलतान बाजारात, बेगम बाजारात, बडी चावडीवर यापेक्षा वेगळे काय आहे? परदेशी पुस्तकांत पगारी मॅनेजर हा पहिल्या पानावर गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे सगळा प्रश्न त्याच पानावर अडतो.

‘गल्ल्यावर घरचाच माणूस’ हा आमच्या वडिलांचाही नियम. त्याची एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही यावर घरी आठवडाभर चर्चा झाली.

काका गेल्यावर दोन-तीन वर्षांनी गल्ल्यात तूट येऊ लागली. रोज नाही, पण महिन्याकाठी टोचेल इतकी. दुकानात एक पोरगा होता, वरंगलकडचा, हुशार, छटा ओळखण्यात तयार. बाहेरचा तेवढा तोच. वडिलांनी त्याला बोलावले आणि एका वाक्यात काढून टाकले. तो काही बोलला नाही. पायांत चपला घातल्या आणि गेला. आम्ही दोघेही तिथेच उभे होतो, आम्हीही काही बोललो नाही. त्यानंतर धाकट्या भावाने थानांना नंबर द्यायला सुरुवात केली. रजिस्टर केले, प्रत्येक तुकडा कापला की मीटर लिहायचे, संध्याकाळी मीटर आणि रोकड जुळवायची. तीन महिन्यांत वहीने दाखवले की तूट येते ती ठरावीक वारी, आणि त्या वारी गल्ल्यावर बसणारा माणूस घरचा होता. आमच्या रक्ताचा. नाव घेणार नाही, ते आता हयात नाहीत.

त्या मुलाला शोधायला गेलो. आबिद्सच्या एका दुकानात लागला होता, आमच्यापेक्षा जास्त पगारावर. आम्ही चुकलो असे सांगितले. त्याने ऐकून घेतले, चहा मागवला, आणि ‘परत येणार नाही, साब’ एवढेच म्हणाला. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

मंडळी, वही ठेवा म्हटले की लोकांना वाटते आपल्यावर संशय घेतला. आमच्या वडिलांनाही वाटले होते. खरे तर वही त्या मुलाच्या बाजूची होती. ती तीन महिने आधी असती तर त्याची नोकरी वाचली असती.

खेड्यातल्या दूध सोसायटीचे बघा. अमूलच्या पद्धतीत प्रत्येकाचे दूध मोजले जाते, फॅट तपासले जाते आणि पैसे त्यावर ठरतात. सरपंचाचे असो वा भूमिहीन बाईचे. शेजाऱ्यावर भरवसा आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. तसेच प्रवरेचे. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, पण अध्यक्षपदी नात्यातला किंवा गावातला माणूस बसवला नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ बसवले. पुढे सहकाराचे काय झाले ते आपण सारे जाणतो, त्यात आज शिरत नाही. पण सुरुवात करताना त्या शेतकऱ्यांनी खुर्चीवर परका माणूस चालवून घेतला होता.

आणि आपला बाजार? जुन्या मंडळींना ठाऊक आहे, हा पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. १९३३ पर्यंत इथे निजामाचा नव्हे, रेसिडेन्सीचा अंमल. राज्यात सभा घ्यायला सरकारी परवानगी लागे त्या काळात सार्वजनिक कामाची माणसे या गल्ल्यांत जमायची. १९०१ मध्ये इथेच श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव नागपूरला शिकलेले, मराठी उत्तम जाणणारे. त्याच दशकात आपल्या लोकांनी विवेकवर्धिनी काढली. तिच्यामागच्या केशवराव कोरटकरांचे १९३२ मध्ये निधन झाले. त्यानंतर निजामशाही गेली, हाली रुपया गेला, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडाही गेला. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे एका रात्रीत दुसऱ्या राज्याचे झाले. आपण राजधानीत राहिलो आणि आपली गावे पलीकडे. त्यानंतरही या संस्था चालू राहिल्या, कारण संस्थापकाच्या पश्चात दुसऱ्याने खुर्चीत बसायची सोय त्यांत होती, असे आम्हाला वाटते. त्या काळातली किती बहाद्दर दुकाने आज दिसतात? मोजायला हाताची बोटे पुरतील.

आमचे दुकान टिकले त्याचे श्रेय अर्ध्याहून जास्त अक्कांना. बावीस वर्षे आमच्याकडे काम करणाऱ्या या तेलुगू बाई. आज गल्ला त्यांच्याकडे, बँकेत भरणा त्यांच्याकडे, नव्या मुलींना शिकवणे त्यांच्याकडे. मेट्रोच्या विरोधात व्यापाऱ्यांनी इथे वर्षानुवर्षे झगडा केला, आम्हीही बंद पाळले. शेवटी खांब उभे राहिलेच. फेब्रुवारी २०२० मध्ये डोक्यावरून गाडी धावू लागली आणि मार्चमध्ये टाळेबंदी. तेव्हा अक्कांनी रजिस्टर घरी नेले आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोनवर छटांचे नंबर पाठवून ऑर्डरी घेतल्या. काका असते तर थक्क झाले असते. आमच्या मुलांपैकी एक गच्चीबावलीत, एक टेक्सासात. तारापूरच्या हिशोबाने आमच्या घरात कर्ते पुरुष शून्य, म्हणजे दुकान बंद व्हायला हवे होते.

पण वहीही कायमची नसते. नऊ वर्षांनी, २०१७ मध्ये, ते अभ्यासक पुन्हा कारखान्यांत गेले. निम्म्याच्या आसपास सुधारणा बंद पडल्या होत्या. जिथे मॅनेजर बदलला तिथे त्याच्याबरोबर पद्धतही गेली, किंवा मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नाही. आमच्याकडेही अक्का महिनाभर तीर्थयात्रेला गेल्या तेव्हा मीटर लिहिणे आठव्या दिवशी थांबले होते. आता दोन मुली आळीपाळीने लिहितात.

इथवर दुकानाचे झाले. आता या सभागृहाचे बोलतो, आणि यात दोष आमचा आहे.

कोषाध्यक्ष म्हणून नऊ वर्षांत आम्ही एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, हे आपण मानता, त्याबद्दल आभारी आहोत. पण आम्ही काकांसारखेच वागलो. मुदत ठेवींच्या पावत्या आमच्या घरच्या कपाटात. कोणती कधी पिकते ते आमच्या डोक्यात. बँकेत सह्यांचे अधिकार तिघांना, त्यातले एक दोन वर्षांपूर्वी वारले, दुसरे मुलाकडे पुण्याला गेले. नवा ठराव करून सह्या बदलायच्या राहिल्या. गेल्या माघात आमची बायपास झाली, आणि त्या तीन आठवड्यांत मंडळाला मांडववाल्याची आगाऊ रक्कमसुद्धा देता आली नाही. कार्यवाहांनी पदरचे दिले आणि कोणाला बोलले नाहीत. मंडळ १३५० फसलीच्या जुन्या कायद्याखाली नोंदलेले. दरवर्षी नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे जायला हवी. गेल्या दोन वर्षांची गेली की नाही हे आम्हाला छातीठोक सांगता येत नाही. कागद शोधतो आहोत.

म्हणून आम्ही पद सोडतो आहोत. जागेसाठी एक नाव सुचवले आहे आणि त्यावरून कुजबुज चालू आहे ते कानावर आहे. त्या आपल्यातल्याच एका घरच्या सूनबाई. चार्टर्ड अकाउंटंट आहेत. माहेर तेलुगू, मराठी बोलतात पण देवनागरी वाचायला वेळ लागतो. ‘मंडळाचा पैसा मराठी माणसाच्याच हातात हवा,’ असे काहींचे म्हणणे आहे. बोलणारे आमचे मित्र आहेत, मंडळावर जीव असलेले आहेत. पण हे वाक्य आम्ही आमच्या दुकानात ऐकलेले आहे, आणि त्यापायी कोण चपला घालून गेला तेही सांगितले.

इतिवृत्त मराठीतच राहील, ते लिहायला कार्यवाह आहेत. आकड्यांना भाषा लागत नाही. त्यांनी एकच अट घातली आहे, जमाखर्च दर महिन्याला सभागृहाच्या दाराशी फळ्यावर लावायचा. ही अट आम्हाला नऊ वर्षांत सुचली नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कपाट इथे आणून उघडणार आहोत. पावत्या, दागिन्यांची यादी, भांडी, जुनी इतिवृत्ते, सगळे मोजून लिहायचे आहे. दोन-तीन तरुण हातांची गरज आहे. चहा आणि बटाटेवडे आमच्याकडून. किल्ल्यांचे दोन जुडगे केले आहेत. एक सूनबाईंना द्यायचा, दुसरा कोणाकडे असावा ते त्याच दिवशी सभेने ठरवावे.