पुस्तक जाळणारा इतिहासकार

1988 साली लॉस एंजेलिसमधल्या सरकारी इमारतीसमोर इतिहासकार पॉल लाँगमोर यांनी स्वतःचं पुस्तक जाळलं. लहानपणीच्या पोलिओने हात जवळपास निकामी झालेले. तोंडात पेन धरून, एकेक कळ दाबत, दहा वर्षं खपून त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टनवर ते लिहिलं होतं. पण विक्रीचं मानधन घेतलं, तर श्वसनयंत्र आणि मदतनिसासाठीची सरकारी मदतच धोक्यात येणार होती. कष्टाच्या कमाईची ही शिक्षा! पुढे मानधनाचा तो नियम सरकारला बदलावा लागला.

याच लाँगमोर यांनी 1996 मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात अपंगत्वाच्या अभ्यासाची संस्था उभारली. 2010 मध्ये ते गेले. संस्थेला आता त्यांचंच नाव आहे. अपंगत्व हा केवळ डॉक्टरांचा विषय नाही, तो इतिहासाचा, कलेचा आणि हक्कांचाही आहे, ही तिची भूमिका. 1977 मध्ये शंभरहून अधिक अपंग आंदोलकांनी हक्कांसाठी सॅन फ्रान्सिस्कोतल्याच सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडलं होतं. त्यावर संस्थेने प्रदर्शन भरवलं. 'सुपरफेस्ट' हा अपंगत्वावरचा चित्रपट महोत्सवही ती भरवत आली आहे. तिथे पडद्यावरची दृश्यं अंध प्रेक्षकांना शब्दांत ऐकवतात, आणि संवाद बहिऱ्या प्रेक्षकांना पडद्यावर वाचता येतात. आपल्या गावात महोत्सव भरवणाऱ्यांनो, एवढं तरी जरूर करा.