मोठ्या वास्तूंतील स्वाभाविक प्रकाश

मोठी वास्तू उभारताना दर्शनी भागाच्या थाटाचा विचार आधी होतो. मधल्या दालनात भरदुपारी दिवा का लावावा लागतो, हा प्रश्न बहुधा वास्तुशांतीनंतर सुचतो!

पाळीच्या परिसरातील चिरेबंदी घरांत त्याचे उत्तर राजांगण हे होते. आकाशातून उतरलेला उजेड अंगणाच्या भूमीवरून परावर्तित होऊन सभोवारच्या सोप्यांत पोहोचे. खाली झुकलेली वळचण कडक ऊन आणि वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर कोसळणारा पाऊस, दोन्ही थोपवी.

मोठ्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांची तावदाने असत. शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवीत. त्यांतून झिरपणारा प्रकाश दुधासारखा मृदू. डोळे दिपत नसत. जुन्या गोव्यातील चर्चांतूनही हीच योजना आढळते. तो शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिला आहे, आणि ते योग्यच होय. परंतु फुटलेल्या तावदानाच्या जागी काच येते, आणि ती उजेडाबरोबर उष्णताही आत आणते.

खिडकीच्या माथ्याची जितकी उंची, तिच्या साधारण दोन-अडीच पटींपर्यंतच उपयुक्त प्रकाश आत शिरतो, असा स्थापत्यकारांचा आडाखा आहे. त्यापलीकडे रुंद सभागृहाला चौक हवा, नाहीतर छताखालचे झरोके. हैदराबादेस २००४ साली उघडलेले गोदरेज हरित व्यवसाय केंद्र मोकळ्या अंगणाभोवतीच वर्तुळाकार रचलेले आहे. इकडे मात्र राजांगणावर पत्रा घालण्याचा मोह होतो. पावसाची कटकट मिटते खरी, पण सोप्यात सकाळपासून दिवे लागतात.