घरातील औषधे आणि आपली वडीलधारी मंडळी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चालकांनी वृद्धापकाळातील औषधांचा विषय आमच्याकडे सोपविला, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. वैद्यकाचा आमचा अधिकार नाही. मॅट्रिक होऊन पुढील सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेण्यात गेले. परंतु ज्या चुकीविषयी आज बोलावयाचे ती मुळात वाचनाची चूक आहे, आणि वाचनाविषयी चार शब्द बोलण्यास शिक्षकाला हरकत नसावी.

चूक आमचीच होती. दोन वर्षांपूर्वी, नवतपाच्या सुमारास, मुलाने आम्हास नागपुरास नेऊन मोठ्या डॉक्टरांस दाखविले. त्यांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणारी गोळी आम्ही आधीपासून घेत होतोच. ती गोष्ट आम्ही डॉक्टरांस सांगितली नाही. सरकारी गोळी ती काय सांगावयाची, असा तुच्छभाव मनात असावा. तरीही ती बंद केली नाही, कारण घरात आलेली वस्तू वाया घालविणे आमच्या पिढीस जमत नाही. एक पट्टी पांढरी, दुसरी तांबूस. दोहोंवरील मोठी अक्षरे निराळी. बारा दिवस दोन्ही घेतल्या. तेराव्या दिवशी पहाटे बाजेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आम्ही अंगणातील रांजणावर आदळलो. कपाळास चार टाके पडले. केंद्रातील परिचारिकाबाईंनी आमची पिशवी मेजावर रिकामी केली, दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे वाचा." दोहोंवर एकच नाव होते : टेल्मिसार्टन. बाई आमच्याच शाळेत शिकलेल्या होत्या काय, हे विचारण्याचे धैर्य आम्हास झाले नाही.

प्रत्येक गोळीस दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, दुसरे त्या औषधाचे स्वतःचे. आपल्या गोंदियाच्या राईस मिलमधून एकाच जातीचा तांदूळ निरनिराळ्या छापाच्या पोत्यांतून बाजारात जातो. पोते बदलले म्हणून तांदूळ बदलत नाही, तसेच हे. एकाच घटकाचे औषध असल्यास त्याचे मूळ नाव कंपनीच्या नावाहून ठळक छापावे, असा नियम 2018 साली झाला आहे. जनऔषधी केंद्रातून स्वस्त औषध मिळते ते मूळ नावानेच. ते अवश्य घ्यावे, परंतु घरात पूर्वी आलेले महाग औषध हेच तर नाही ना, हे आधी पाहावे. सर्दीच्या गोळीतही हीच गोम आहे. अशा बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. अंगात कणकण म्हणून वर तापाची निराळी गोळी घेतली की तेच औषध दुप्पट होते, आणि त्याचा भार यकृतावर पडतो. शिवाय सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिनने वृद्धांस गुंगी येऊन तोल जातो, आणि ज्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे त्यांची लघवी तुंबू शकते.

अडचण ही की ही नावे बहुधा इंग्रजी लिपीत, आणि तीही मुंगीएवढ्या अक्षरांत. यास उपाय घरातच आहे. नातवंडांस बसवून प्रत्येक औषधाचे मूळ नाव, ते कशासाठी आणि केव्हा घ्यावयाचे, हे देवनागरीत ठळक लिहून घ्यावे. ऑगस्ट 2023 पासून खपाच्या तीनशे प्रमुख औषधांवर चौकोनी क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले आहे. मुलाने मोबाइल त्यावर धरला की औषधाचे मूळ नाव आणि मुदत पडद्यावर दिसते. दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा मुदतीची तारीख पुष्कळदा दुकानातच राहते. तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा, आणि घरी गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढाव्यात.

आता गुडघ्यांकडे वळू. हा विषय या सभागृहात अर्ध्याअधिक मंडळींच्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांचे थवे उतरत, ते आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील. पुढे ते दिसेनासे झाले. गुरांना दुखण्यासाठी दिलेले डायक्लोफिनॅक मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे 2004 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. आपल्या सरकारने 2006 साली गुरांसाठी त्याचे उत्पादन थांबविले, आणि माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून 2015 साली त्या बाटलीवर तीन मिलिलिटरची मर्यादा घातली. हेच डायक्लोफिनॅक आपल्या घरी कंबर-गुडघ्यांच्या गोळीत असते. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. डॉक्टरांनी दिलेली गोळी दिलेल्या दिवसांपुरती घेण्यास भ्यावयाचे कारण नाही. परंतु रक्तदाबाची गोळी चालू आहे, सोबत लघवी वाढविणारी गोळी आहे, मे महिन्याच्या उन्हात अंगातील पाणी आटले आहे, आणि अशा वेळी स्वतःच्या मनाने दररोज दोन वेदनाशामक गोळ्या, या संयोगाने म्हाताऱ्या माणसाचे मूत्रपिंड थोड्या दिवसांतही दगा देऊ शकते. जठरास व्रण पडून रक्तस्राव होतो तो निराळाच. काळा शौच हे त्याचे चिन्ह. ते दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गुडघ्यांसाठी आठवडी बाजारात मिळणाऱ्या बेनावी पुड्यांविषयी बोलल्यास काहींस राग येईल. आयुर्वेदावर आमचा आक्षेप नाही. ज्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, तिच्यावर आहे. दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. आणि खरी मेख पुढेच आहे. महिनोन्‌महिने घेतलेली अशी पुडी एकाएकी सोडणेही धोक्याचे असते, कारण शरीर तोवर स्वतःचे तत्सम द्रव्य बनविणे कमी करते. यास्तव पुडी लपवू नये. डॉक्टरांपुढे ठेवावी आणि ती कशी सोडावयाची ते त्यांनाच विचारावे.

माताभगिनींस एक विशेष विनंती. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना ती सकाळी घ्यावयाची आणि दिवसभर निर्जळी एकादशी धरावयाची, असे कित्येक घरी घडते. साखर खाली उतरून घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते, आणि घरचे म्हणतात, उपवासाने थकल्या असतील. शुद्धीवर असेपर्यंत साखरेचे किंवा गुळाचे पाणी तत्काळ द्यावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करावयाचे, हे आठ दिवस आधी डॉक्टरांस विचारता येते. देव त्यामुळे रागावेल, असे आम्हास वाटत नाही.

आपल्या समाजात लग्नसमारंभी एक उदारपणा दिसतो. व्याह्यांनी "पाय दुखतात" म्हणावे, आणि दहा हातांनी दहा गोळ्या पुढे कराव्यात! पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देऊ नये, असा तिचा अर्थ आहे. व्याह्यांस पाट द्यावा, पाणी द्यावे; गोळी देऊ नये. तसेच बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि एका वेळची विसरल्यास पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

आमच्या घरी आता बिस्किटांच्या जुन्या डब्यात सर्व औषधे एकत्र असतात आणि झाकणाच्या आत एक कागद चिकटविलेला आहे. दवाखान्यास जाताना तो डबाच सोबत नेतो, मग दवाखाना तिरोड्याचा असो वा नागपुरचा. प्रथम लाज वाटली. आता वाटत नाही. तशाच रकान्यांचे कोरे कागद व्हरांड्यात ठेवले आहेत. भोजनानंतर वरच्या वर्गातील मुलेमुली तेथे लेखणी घेऊन बसतील. ज्यांनी आपली पिशवी बरोबर आणली असेल त्यांनी त्यांच्याकडून कागद भरून घ्यावा. ज्यांनी आणली नसेल त्यांनी कोरा कागद घरी न्यावा.