वजनाची शस्त्रक्रिया : पात्र कोण, खर्च कुणाचा?
(सभासदांच्या आरोग्य मेळाव्यातील भाषण)



वजनाचा विषय निघाला की आपल्यात आधी हशा पिकतो. आज आम्ही तो हसण्यावारी नेणार नाही. रात्रपाळी, अवेळी उघडलेला डबा, तासन्‌तास काउंटरवरची बैठक, यांतून वाढलेले वजन हा गुन्हा नव्हे. तो आजार आहे. शस्त्रक्रिया हा त्यावरचा एक उपाय. पण तो सरसकट सर्वांसाठी नाही.

पहिले माप बीएमआयचे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १.६० मीटर आणि वजन ९६ किलो असेल, तर बीएमआय ३७.५ येतो. आपल्याकडील शल्यचिकित्सक साधारणपणे इथून शस्त्रक्रियेचा विचार करतात. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे आजार जडले असतील तर ३२.५ पासून. अमेरिकेत १९९१ साली ४० आणि ३५ हे आकडे ठरले होते. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून आपली रेषा खाली आहे.

नुसता आकडा पुरत नाही. आहार-व्यायामाचे प्रयत्न झालेले हवेत. थायरॉइडची व मानसिक तपासणी होते. दारूचे व्यसन असेल तर ते आधी सोडवावे लागते. पुढे जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी चुकत नाही.

आता खर्चाचे. आमच्या एका सॉर्टिंग असिस्टंट भगिनीची उंची तेवढीच, वजन ८५ किलो, सोबत मधुमेह. बीएमआय ३३. डॉक्टरांनी पात्र ठरवले, खासगी विम्याने दावा फेटाळला! कारण विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली घालून दिलेली प्रमाणित अट अशी : बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, तेही इतर उपाय थकल्यावर. म्हणजे डॉक्टरांची रेषा एक, पैशाची दुसरी. मधल्या फटीत पडतो तो कामगार.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. रेल्वेतील साथींनी आधी रेल्वे रुग्णालयात दाखवावे आणि तिथूनच रेफरल घ्यावे. टपाल खात्यातील साथींनी, सीजीएचएस असो वा १९४४ चे वैद्यकीय देखभाल नियम, लेखी पूर्वपरवानगी हाती आल्याखेरीज दाखल होऊ नये. लोको पायलट साथींनी घोरणे आणि दिवसाची पेंग डॉक्टरांपासून लपवू नये; मागे गाडीभर माणसे असतात.

आणि मागणी एकच : विम्याची रेषा डॉक्टरांच्या रेषेवर आणा. ती येईपर्यंत नाकारलेल्या प्रत्येक दाव्याचा कागद शाखेत जमा करा. एकट्याचा अर्ज फाइलीत पडून राहतो. शंभरांचा गठ्ठा टेबलावर येतो.