गाडी सापडली, मग अगाथा कुठे गेली?

हेडफोन लावलेत ना? आज एका सोडून दिलेल्या गाडीची केस घेऊन आलोय.

४ डिसेंबर १९२६, शनिवारची सकाळ. इंग्लंडच्या सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नर नावाची टेकडी आहे. तिच्या उतारावर, चुनखडीच्या खाणीजवळ, एक मॉरिस गाडी झुडपांत अडकलेली दिसली. आत कोणीच नाही. फक्त फरचा कोट, कपड्यांची बॅग आणि ड्रायव्हिंग लायसन्स. त्यावर नाव : अगाथा ख्रिस्ती.

हो, तीच! आदल्या रात्री सात वर्षांच्या मुलीला घरी ठेवून ती एकटीच निघाली होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिची आई गेली. ऑगस्टमध्ये नवरा, आर्ची, म्हणाला, माझं दुसरीवर प्रेम आहे, घटस्फोट हवा.

आता पोलिसांच्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता? डिसेंबरची थंडी, कोट गाडीतच. म्हणजे बाई जवळपासच असणार, आणि बहुतेक जिवंत नसणार. सरे पोलिसांचे अधिकारी केनवर्ड यांनाही तसंच वाटलं. हजारो लोकांनी रान पालथं घातलं. जवळचं सायलेंट पूल हे तळंही शोधलं. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांनी तर तिचा हातमोजा एका अतींद्रिय शक्तीवाल्याकडे नेला!

पण मला कोड्यात टाकते ती वेगळीच गोष्ट. अगाथाने दिराला पत्र पाठवलं होतं, की मी यॉर्कशरला आरोग्यस्नानाच्या ठिकाणी जातेय. एवढा धागा हातात होता, तरी सगळा जोर राहिला गाडीच्या आसपासच.

१४ डिसेंबरला ती सापडली. कुठे? यॉर्कशरमधल्या हॅरोगेटच्या हॉटेलात, गाडीपासून तीनशे किलोमीटरहून लांब. हॉटेलातल्या बँडवाल्यांनी तिला ओळखलं. रजिस्टरमध्ये नाव होतं मिसेस टेरेसा नील, केप टाउन. आणि नील हे कोणाचं आडनाव? आर्चीच्या प्रेयसीचं!

आर्चीने सांगितलं, तिची स्मृती गेलीय. डॉक्टरांचंही तेच मत. मग नेमकं तेच आडनाव कसं आठवलं? आणि सगळं ठरवून केलं म्हणावं, तर कडाक्याच्या थंडीत कोट कशाला टाकून जायचा? मला वाटतं, दोन्ही थोडं थोडं खरं असेल. आई गेलेली, संसार मोडायला आलेला. अशा वेळी माणूस एक गोष्ट नीट ठरवून करतो आणि दुसरी करताना भानावरच नसतो.

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. १९७७ मध्ये, ती गेल्यावर, तिचं आत्मचरित्र आलं. त्यात या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'गाडी सापडली, माणूस गायब' अशी बातमी आली, तर गाडीचे फोटो झूम करत बसण्याआधी एवढं विचारा : या माणसाचे गेले काही महिने कसे चालले होते? आणि जाताना त्याने कोणाला काही कळवलं होतं का?

तुमची थिअरी काय, मला नक्की सांगा. भेटूच!