मळभ आणि युरिया

ढगाळ दिवसाचं आम्ही कवींनी फार कौतुक करून ठेवलं आहे. मेथीला विचाराल, तर ती वेगळंच सांगेल.

श्रोतेहो, पाऊस थांबतो, पण आभाळ उघडत नाही. पीक पिवळट दिसतं आणि आपला हात युरियाच्या गोणीकडे जातो. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असतं. जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, मुळं ते उचलतात. पण नायट्रेट म्हणजे नुसता शिधा. त्याची भाकरी, म्हणजे प्रथिनं, व्हायला पानात चूल पेटावी लागते आणि ती पेटते उन्हावर.

नायट्रेटचं नायट्राइट करणारं एक विकर पानात असतं. अंधार पडला, की काही मिनिटांतच ते मंदावतं. यात शहाणपण आहे. नायट्राइट झाडाला विषारी. त्याचं पुढे अमोनियम व्हायला प्रकाशातून मिळालेली शक्ती लागते. ती नसेल तर पहिली पायरी न चढलेलीच बरी. मळभ लांबलं, की शिधा साठत जातो, देठांत सगळ्यात जास्त. युरोपच्या कायद्याने उघड्यावरच्या लेट्यूसमध्ये किलोमागे उन्हाळ्यात ३००० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घातली, हिवाळ्यात मात्र ४००० चालवून घेतलं. कायद्यालाही ऊन मोजावं लागलं!

बरं, प्रत्येक पिवळेपणा नत्राचा नसतो. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली, तर नत्राची शंका घ्यावी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. त्या विकरालाच लोह लागतं आणि कणभर मॉलिब्डेनमही. आम्ल जमिनीत मॉलिब्डेनम अडकून पडतं; मग फुलकोबीच्या पानाचं पातं खुंटतं, चाबकासारखा दांडा उरतो. अशा रोपाला आणखी युरिया म्हणजे सरपण नसलेल्या घरात पिठाचं पोतं.

भाजीचं फार भय नको. उकळून पाणी टाकलं, की पुष्कळ नायट्रेट जातं. खरी भीती गोठ्यात आहे. भरपूर युरिया घातलेला कोवळा मका किंवा बाजरी ढगाळ दिवसांत कापून उपाशी गाईपुढे टाकली, तर तिच्या पोटात नायट्राइट तयार होतं, रक्त चॉकलेटी पडतं आणि काही तासांत दावण रिकामी होऊ शकते. म्हणून चांगलं ऊन पडू द्यावं, मग कापावं. धाटाचा बुडखा शेतातच ठेवावा, आधी कडबा खाऊ घालावा. चारा नुसता वाळवून नायट्रेट कमी होत नाही. मुरघासात मात्र बरंचसं उतरतं.